दुमिंगचं आडनाव

दुमिंग गेल्याची बातमी मला आमच्या ऑफिसच्या टेलिफोन ऑपरेटरने दिली. "दळवीसाब, वो मेसवाला इटालियन गुजर गया," तो म्हणाला, आणि मी क्षणभर खरोखरच एखादा इटालियन आठवू लागलो. आमच्या कंपनीतले इटालियन इंजिनिअर तर केव्हाच निघून गेले होते. मग लक्षात आलं... दुमिंग. शेवटची नऊ वर्षं त्याला 'इटालियन' म्हणून हाक मारलेली अजिबात खपत नसे, तरी ते नाव त्याच्या पाठीला चिकटलेलंच राहिलं. सकाळी साडेदहाला, कामगारांच्या जेवणाची पातेली गाडीत चढवली जात असताना, तो भिंतीला टेकून खाली बसला आणि इस्पितळात पोचायच्या आधीच संपला. दुपारी त्याचा पासपोर्ट माझ्या टेबलावर आला. व्हिसा रद्द करणं, शवागाराचं पत्र, विमानाचा कागद... दुबईतल्या या बांधकाम कंपनीत कागद करणं एवढंच काम मी बावीस वर्षं केलं आहे. दुमिंगचा या देशातला पहिला कागद मी केला होता, शेवटचाही मीच केला.

त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. या पुरवणीत मी आखातातल्या आठवणी अधूनमधून लिहीत आलो आहे. त्यात दुमिंग दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा विनोदी पात्र म्हणून. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या खोलीत स्वतःला इटलीचा वारस म्हणवणारा वसईचा आचारी! वाचकांना तो आवडला होता, पत्रंही आली होती. पण त्या दोन्ही लेखांत मी एक गोष्ट वगळली होती. ती आज लिहितो. उशीर झाला आहे हे मला माहीत आहे.

नव्वद साली तो आला, तेव्हा मी त्याचा फॉर्म भरत होतो. इकडच्या कागदांवर माणसाचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं अशी ओळ लागते. दुमिंगच्या पासपोर्टात बापाच्या नावापुढे नुसती रेघ होती. मी विचारलं तर म्हणाला, "बाप नाही साहेब. फादर होते, फादर अन्सेल्म. तेच लिहा." शेजारी बसलेला अरबी टाइप करणारा सुदानी म्हातारा हसला, दुमिंगही हसला. मग त्याने उभ्याउभ्या आपली कथा सांगितली. पुढे ती मी शंभर वेळा ऐकली. वसईकडच्या एका मिशनच्या अनाथाश्रमाच्या ओट्यावर, मासळीच्या पाटीत, कुणीतरी त्याला ठेवून गेलं. तो रविवार होता, पोर्तुगीजमध्ये दोमिंगो, म्हणून दुमिंग. आश्रम चालवणारे फादर अन्सेल्म इटलीचे, नेपल्सचे. बाकीच्या पोरांना त्यांनी परेरा, डिसोझा अशी तिथली नेहमीची आडनावं दिली, एकट्या दुमिंगला मात्र एस्पोझितो. स्वयंपाकीण आग्नेसमावशी त्याला सांगायची, "पोरा, फादरनी तुला आपल्या घरचं नाव दिलंय." खरं-खोटं कुणाला माहीत नव्हतं. ते फादर ज्या संघाचे होते, त्यात व्रत घेताना घरचं नाव टाकून द्यायची रीत होती. त्यांच्या थडग्यावरसुद्धा नुसतं 'अन्सेल्म' होतं. ते गेले तेव्हा दुमिंग सहा वर्षांचा होता. त्यांची दाढी तंबाखूने पिवळी झालेली होती, एवढंच त्याला आठवत होतं. दाढी आणि आडनाव, दोनच गोष्टी.

करामात एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा बॅचलर राहायचो. म्हणायला बॅचलर, कारण चौघांच्या बायका गावी होत्या. शुक्रवारी सुट्टी असायची आणि दुमिंग इंद्याल करायचा, डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात कोंबडीचं. कुणी मीठ जास्त झालं म्हटलं की हा कमरेवर हात ठेवून म्हणणार, "एस्पोझितोच्या हातचं आहे, गपचूप खा." मग खोलीतून आवाज यायचे, "इटलीच्या राजा, आधी कांदा चीर!" "तुझ्या इटलीत भांडी कोण घासतं रे?" तो बिलकूल रागवायचा नाही. "हसा, हसा. माझी पोरं होतील ना, त्यांच्या पासपोर्टवर वाचा. तुमच्यासारखे दळवी गल्लीत दहा मिळतात." मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर मला ते टोचायचं. ज्याच्या बापाच्या नावापुढे रेघ आहे, त्याने घराण्याच्या गोष्टी कराव्यात आणि ज्याच्या घरी सात पिढ्यांची नावं लिहिलेली वही आहे, त्याने ऐकाव्यात... असलं काहीतरी माझ्या मनात असायचं. मी तेव्हा पन्नाशीचा होतो. कळायला हवं होतं.

मग आमच्या प्रकल्पावर कार्लो नावाचा इटालियन मॅनेजर आला, नेपल्सच्याच बाजूचा. मेसमध्ये जेवायला आला आणि दुमिंगच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ओरडलाच, "एस्पोझितो! पाएझानो!" पाएझानो म्हणजे गाववाला. तेव्हापासून रोज तीच हाक. दुमिंगची छाती वीतभर फुगायची. तो कामाला चोख होता, हे मी नाकारत नाही. वर्षभरात कार्लोने त्याला मेस सुपरवायझर केलं, आणि त्याच वर्षी कंपनीच्या वाट्याला आलेल्या कुटुंबाच्या फ्लॅटपैकी एक त्याच्या नावाने निघाला. म्हणजे त्याला बायकोला, रेजिनाला, आणता येणार होतं. त्याच फ्लॅटसाठी माझा अर्ज पाच वर्षं पडून होता. माझी सुनंदा चिपळूणला एकटी होती. दुमिंगच्या फ्लॅटचं पत्र टाइप करायला आलं ते माझ्याकडेच. मी ते एकही चूक न करता टाइप केलं. पुढे माझा नंबर काही लागला नाही, आणि सुनंदाने दुबई कधीच पाहिली नाही. पण तो दोष दुमिंगचा नव्हता.

एकदा जेबेल अलीच्या साइटवर जाताना गाडीत मी कार्लोला सहज म्हणून विचारलं, या आडनावाचा अर्थ काय? सहज नव्हतंच ते. कार्लो हसून म्हणाला, जुनं नाव आहे आणि जरा दुःखाचं. फार पूर्वी नेपल्समध्ये एका अनाथालयाच्या भिंतीत लाकडी चाक बसवलेलं होतं. ज्या आईला मूल ठेवून घेणं शक्य नसे, ती बाहेरून ते चाकात ठेवायची आणि चाक फिरवायची. आतल्या नन मूल उचलून घ्यायच्या. अशा मुलांना वहीत एकच आडनाव लागायचं, एस्पोझितो. बाहेर ठेवलेला, उघड्यावर टाकलेला. "पण त्याला आता पिढ्या झाल्या," कार्लो म्हणाला, "अर्धं नेपल्स एस्पोझितो आहे. न्यायाधीश आहेत, डॉक्टर आहेत. कुणी अर्थ आठवत नाही. आणि तुझ्या मित्राचा तो पाद्री नेपल्सचाच ना? त्याचंच आडनाव असेल कदाचित." हे शेवटचं वाक्य त्याने स्पष्ट उच्चारलं होतं आणि मी ते स्पष्ट ऐकलं होतं. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे.

दोन महिने मी काही बोललो नाही. मग एका शुक्रवारी दुमिंगने आम्हा जुन्या खोलीवाल्यांना नव्या घरी जेवायला बोलावलं. रेजिनाला सातवा महिना होता. ती ताटं वाढत होती आणि हा उभा राहून भाषण ठोकत होता. "ऐका रे! मुलगा होवो, मुलगी होवो, नाव ठरलेलं नाही, पण आडनाव लागणार एस्पोझितो. या नावाचा मी एकटाच होतो. आता दोन होणार. घराणं सुरू!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तो माझ्याकडे वळला. "काय दळवीसाहेब, जन्माचा फॉर्म तुम्हीच भरायचा हां. अक्षर चांगलं काढा."

मी म्हणालो, "घराणं कसलं दुमिंग? एस्पोझितो म्हणजे काय ते माहीत आहे का तुला?" आणि मी सांगितलं. चाक, नन, वही, टाकून दिलेली पोरं... सगळं सांगितलं. "तुझ्या फादरनी तुला स्वतःचं नाव दिलेलं नाही. तू जसा सापडलास ते लिहून ठेवलं. गोणीवर माल लिहितात ना, तसं." कार्लोचं ते शेवटचं वाक्य मी सांगितलं नाही.

 दुमिंगच्या हातात भाताची पळी होती. ती त्याने पातेल्यात हळूच ठेवली. "कार्लोसाहेब बोलले असं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "म्हणून ते हाक मारून हसायचे..." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. कार्लो तसा कधीच हसला नव्हता. हे सांगायला तोंड उघडायला हवं होतं. मी भात कालवत बसलो. रेजिनाने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, जेवताना कशाला?" बस, एवढंच.

मुलगी झाली, मिशेल. दोन आठवड्यांनी दुमिंग ऑफिसात आला, फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आडनाव लोपीस लावा." लोपीस हे रेजिनाच्या माहेरचं. मी म्हटलं, "अरे, बापाचं लावतात. पुढे भानगडी होतील." तो म्हणाला, "माझ्यावर लिहिलं ते लिहिलं. तिला कुणी टाकलेलं नाही." मी लिहिलं, लोपीस. चांगल्या अक्षरात. छातीवरची पट्टीही त्याने बदलून घेतली, तिच्यावर नुसतं 'दुमिंग' होतं. कार्लोने पाएझानो म्हटलं की तो "गुड मॉर्निंग सर" म्हणून आत निघून जायचा. कार्लोने मला एकदा कारण विचारलं. मी चाचरत सांगितलं, म्हणजे माझा त्यातला भाग सोडून सगळं सांगितलं. त्याने त्या पाद्र्याचं नाव, गाव, वर्षं माझ्याकडून कागदावर उतरवून घेतली.

प्रकल्प संपला, कार्लो गेला. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये इटलीचा शिक्का असलेलं पाकीट आलं. इथे टपाल घरी येत नाही. सगळं कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये येतं, आणि त्या पेटीची किल्ली माझ्याकडे असायची. पत्र माझ्याच नावाने होतं, इंग्रजीत. कार्लोने सुट्टीत नेपल्सच्या त्या मठात जाऊन जुनी नोंदवही काढायला लावली होती. फादर अन्सेल्म यांचं व्रत घेण्याआधीचं नाव गाएतानो एस्पोझितो. त्यांचे आजोबा चाकात सापडलेले. कार्लोने लिहिलं होतं, 'त्या माणसाला या नावाचा अर्थ घरातूनच माहीत होता, तरी त्याने ते मुलाला दिलं. व्रत घेताना नाव खाली ठेवावं लागतं, ते पुन्हा वापरता येत नाही. त्याने आपलं खाली ठेवलेलं नाव उचलून या मुलाला दिलं असावं, असं मठातले म्हातारे म्हणतात. तुझ्या मित्राला हे लवकर सांग. तो माझ्याशी बोलणार नाही, म्हणून तुला लिहितो आहे.'

मी पत्र दोनदा वाचलं आणि खणात ठेवलं.

का सांगितलं नाही, हे मी नऊ वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे समजावलं आहे. पहिल्या आठवड्यात वाटलं, शुक्रवारी निवांत सांगू. मग वाटलं, मुलीचे कागद लोपीस नावाने पुरे झालेत, पासपोर्ट आला आहे, व्हिसा लागला आहे. आता सगळं पुन्हा उकलायचं म्हणजे वकिलातीत खेपा. आम्ही कागद करणारे एकदा बंद झालेली फाइल सहसा उघडत नाही. तेव्हा हे मला फार मोठं कारण वाटायचं. खरं कारण लहान होतं. पत्र दाखवलं असतं, तर त्याने विचारलं असतं, हे फादरचंच नाव असू शकतं, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का? आणि मला हो म्हणावं लागलं असतं.

भानगडी मात्र मी म्हटल्या तशा झाल्या. इथला व्हिसा तीन वर्षांनी नवा करावा लागतो. बापाचं आडनाव एक, मुलीचं दुसरं. खिडकीवरचा माणूस दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवायचा आणि विचारायचा, "बिन्त? तुझी मुलगी? कशावरून?" तो त्याचं काम करत होता, आवाज चढवायचा नाही. पण पहिल्या वेळी मी बरोबर होतो. दुमिंगने तीन वर्षांच्या मिशेलला कडेवर उचलून काचेशी धरलं आणि म्हणाला, "देखो ना साब, नाक देखो." मागे रांगेतले लोक हसले, तोही हसला. परत येताना गाडीत मात्र दोन्ही पासपोर्ट उघडून पुन्हा पुन्हा बघत होता. मग मी कंपनीच्या कागदावर दाखला तयार करायचो, की हा इसम या मुलीचा जन्मदाता पिता असल्याचे आम्ही प्रमाणित करतो. ज्याला स्वतःचा बाप ठाऊक नाही, त्याला दर तीन वर्षांनी आपण बाप असल्याचा दाखला लागायचा... आणि तो मी द्यायचो. ज्या खणातून कंपनीचे कोरे कागद काढायचो, त्याच खणात तळाला कार्लोचं पत्र होतं. असे तीन दाखले झाले. तिसरा यंदाच. तो घेताना दुमिंग म्हणाला, "थँक्यू साहेब. तुमच्याशिवाय माझं कठीण होतं." मी म्हटलं, "यल्ला, जा, खिडकी बंद होईल." तो गेला. चार महिन्यांनी संपला.

रेजिना त्याला वसईला घेऊन गेली, माती झाली आणि मिशेलच्या शाळेसाठी ती परत आली. ऊद मेथाच्या चर्चमध्ये महिन्याचा मिस्सा झाला, तेव्हा मी शेवटच्या बाकावर होतो. पुढच्या शुक्रवारी दुपारी पत्र घेऊन तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, सरबत दिलं. "दादा, कागद राहिलाय का कुठला सहीचा?" तिने विचारलं. मी पाकीट पुढे केलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि मिशेलला हाक मारली. "बाळा, हे वाच. माझा चष्मा नाही." मिशेल आता नऊ वर्षांची आहे, इथेच वाढलेली. मराठी तिला कळते, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मी म्हणायला हवं होतं की तिला नको, मी सांगतो. मी सरबत पीत राहिलो. तिने शाळेत धडा वाचतात तसं उभं राहून मोठ्याने वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. वरची तारीखही वाचली.

"सो इट वॉज हिज नेम," ती म्हणाली. "फादर गेव्ह हिम हिज ओन नेम."

तिने कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"देन व्हाय ॲम आय लोपीस?"

रेजिनाने तिला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसं. गाडीतलं ते वाक्यही सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. "ते झोपेत फादरना शिव्या द्यायचे, दादा. सहा वर्षांचे होईपर्यंत ज्यांनी सांभाळलं, त्यांना. मिस्सालासुद्धा नीट बसायचे नाहीत. मी म्हणायची, माफ करा त्यांना. म्हणायचे, नावच असं ठेवलंय, रोज आठवण होते." मी माफी मागितली की नाही, मला आठवत नाही. मागितली असेल. तिने ऐकल्यासारखं केलं नाही.

उठताना तिने कपाटावरचा एक फोटो काढून मला दाखवला. वसईहून तिच्या भावाने पाठवलेला, दुमिंगच्या क्रुसाचा. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत 'दुमिंग', आणि त्याखाली चार बोटं मोकळी जागा सोडून जन्म-मृत्यूची वर्षं. "आडनाव घालायचं नाही, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "कोरणाऱ्याला मी तसं सांगितलं. त्याला वाटलं, बाई दुःखात आहे, मागून सांगेल. म्हणून जागा सोडली त्याने."

मी म्हटलं, "आता घालता येईल, रेजिना. मी स्वतः वसईला जातो, कोरून घेतो."

तिने फोटो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि होता तिथे ठेवला.

"कुणासाठी, दादा?" ती म्हणाली. "त्यांना तर कळलंच नाही."